नऊची रेघ

“अक्का, कॅन कुठाय?”

इंदूनं मला स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं. बाहेर सोप्यात माझ्या नणंदेला, नलूला बघायला आलेले विट्याचे सात पाहुणे बसले होते. मी चहाचे कप भरत होते. इंदू दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. चेहरा पांढराफटक, कपाळावरून घाम ओघळून गळ्यातल्या मंगळसूत्रापर्यंत आलेला.

“आत्ता कशाला हवाय?” मी विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती.

“लघवीला लागलीय. डॉक्टर म्हणालेत ना, झटका आला की त्याच्या मागची अजिबात वाया घालवायची नाही म्हणून.”

“हळू बोल की गं बाई! न्हाणीला लागून बसलेत सगळे.” मी दार निम्मं लोटलं. “कॅन पलीकडं कोठीच्या खोलीत ठेवलाय. आणायचा म्हणजे सोप्यातनं, सगळ्यांच्या पुढून आणायला लागेल. जा तशीच. एका वेळेनं काही होत नाही.”

“होत नाही ना, अक्का?”

“अगं, मी सांगतेय ना.”

ती गेली. अर्ध्या तासात आणखी एकदा गेली. दोन्ही वेळा तशीच गेली आणि मी पाहुण्यांना चहा दिला.

चौदा वर्षं झाली त्याला. तेव्हाचे कपसुद्धा फुटून गेले, पण इंदूचं ते ‘होत नाही ना’ माझ्या कानातून जात नाही.

मी विमल, तासगावच्या खराड्यांची थोरली सून. लग्नाआधी मिरजेत लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता आणि लग्नानंतर तासगावातल्याच एका लॅबमध्ये नोकरीला लागले. रक्त काढायचं, नमुने तपासायचे, मोठ्या तपासण्या असतील तर पॅक करून मुंबईला पाठवायच्या. घरात कुणाला शिंक आली तरी “विमलला विचारा” म्हणायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. त्या अख्ख्या भावकीवर डाफरायच्या, पण माझ्याशी बोलताना आवाज खाली यायचा.

इंदू माझी धाकटी जाऊ, दिनकर भाऊजींची बायको. जतकडच्या खेड्यातली, सातवी शिकलेली, अंगानं काडी. चार वर्षांची केतकी कडेवर आणि तोंडात सदा “अक्का, हे कसं करू?” लग्नानंतर दोनेक वर्षांनी तिला झटके यायला लागले. वाकली की यायचे. फरशी पुसायला वाकली, शेडवर बेदाण्याचं क्रेट उचलायला वाकली, की डोकं फुटेल असं दुखायचं, छाती धडधडायची, अंगाला दरदरून घाम सुटायचा. वीस मिनिटं भिंतीला टेकून बसली की सगळं थांबायचं. तोवर फरशी मी पुसलेली असायची.

असला सोयीचा आजार मी लॅबमध्ये कधी पाहिला नव्हता. एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, “आत्याबाई, हिला वाकायची ॲलर्जी आहे.” घर हसून हसून लोळलं. इंदूही हसली. बघता बघता भावकीत, शेडवर, अगदी तिच्या माहेरापर्यंत तेच नाव पडलं. लॅबवालीनं म्हटलंय म्हटल्यावर लोकांना वेगळा दाखला कशाला लागतो? कुणी काम सांगितलं आणि इंदू जरा थांबली, की बायका एकमेकींना कोपर मारायच्या, “आली बघ ॲलर्जी.”

शेवटी भाऊजीच हट्टानं तिला मिरजेला घेऊन गेले. सोबत मी होतेच. डॉक्टर नांद्रेकरांनी रक्तदाब मोजला, तो अगदी ठणठणीत. मी मनात म्हटलं, बघा. तेवढ्यात डॉक्टरांच्या हातातलं पेन खाली पडलं.

“बाई, जरा उचलता का?”

इंदू वाकली आणि उठेपर्यंत तिचा रंग उडाला. डॉक्टरांनी पट्टा पुन्हा फुगवला, मोजलं, परत मोजलं. वरचा आकडा दोनशे दहा होता. पेन त्यांनी मुद्दाम पाडलं होतं.

“हे नाटक नाही,” ते म्हणाले. नाटक हा शब्द त्यांना कुणी सांगितला होता कोण जाणे. माझी मान आपोआप खाली गेली. “दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. माणूस घाबरला, की ती रक्तात रस सोडते आणि काळीज धडधडायला लागतं. तिथं गाठ झाली, तर माणूस घाबरलेला नसला तरी ती रस सोडते. वाकलं, पोटावर दाब आला, की पिचकारीच. माझा संशय तोच आहे. चोवीस तासांची लघवी साठवून तपासायला लागेल. झटका आला तर त्यानंतरची अजिबात सोडू नका. तीच बोलेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही लॅबमधल्याच, म्हणजे मला घोर नाही. नमुना तुमच्यावर सोपवतो.”

“काळजीच करू नका, सर,” मी म्हटलं.

परतीच्या बसमध्ये भाऊजींच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला, कसं सांगू, राग आला होता. हिला खरंच गाठ निघाली तर माझ्या त्या ॲलर्जीचं काय? इतकी वर्षं घरदार माझ्या जिवावर हसलं होतं. मी मनाशी ठरवूनच टाकलं, पेन उचलताना हिनं श्वास कोंडला असणार. रिपोर्ट नॉर्मलच येणार.

लॅबमधून मी पाच लिटरचा पांढरा कॅन आणला. नमुना टिकावा म्हणून त्याच्या तळाशी थोडं ॲसिड घालतात. इंदूचा चहा, कॉफी, केळी तीन दिवस आधीच बंद केली. तिला समोर बसवून बजावलं, “सकाळी सहाची पहिली टाकून द्यायची. त्यानंतरची सगळी, दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची धरून, यात ओतायची. एक थेंब बाहेर जाता कामा नये. प्रत्येक वेळी ओतलं की कॅनवर पेनानं रेघ मारायची आणि शेजारी वाजले किती ते लिहायचं.”

“लिहीन की,” इंदू म्हणाली. रविवारी सकाळपासून तिनं शाळेतल्या पोरीसारख्या सरळ रेघा मारल्या. आठ. साडेदहा. एक.

अकरा वाजता विट्याहून फोन आला होता, आजच येतोय म्हणून. आत्याबाईंनी घर डोक्यावर घेतलं.

“त्यो डबा पयला हलवा न्हाणीतनं! मानसं हातपाय धुवायला जात्याल आन बघत्याल काय? हितं नलीचं लगीन जुळवायचंय का लोकास्नी मूत दाखवायचंय?”

मला खरं तर म्हणता आलं असतं, की आत्याबाई, हा डबा इथून हलणार नाही. घरात माझा शब्द चालायचा. पण मलाही लाज वाटलीच. मी कॅन फडक्यात गुंडाळून कोठीच्या खोलीत नेऊन ठेवला.

चारला पाहुणे आले. पाणी झालं, नलूची विचारपूस झाली आणि आत्याबाई म्हणाल्या, “सूनबाई, पाया पडा सगळ्यांच्या.” आधी मी पडले. मग इंदूनं डोक्यावर पदर घेतला. म्हातारे आजोबा, आजी, मुलाचे वडील, आई. चौथ्या नमस्काराला तिनं जमिनीला हात टेकून स्वतःला सावरलं आणि माझ्याकडे बघितलं. नजरेत विनवणी होती, पुरे करू का म्हणून. मी तिच्या मागे उभी होते. दात न उघडता म्हटलं, “आजचा दिवस तरी नीट वाक.”

ती सातही जणांच्या पाया पडली. मग भिंतीचा आधार घेत घेत माझ्याकडे आली आणि तिनं विचारलं, कॅन कुठाय.

पाहुणे साडेसातला गेले. कॅन परत न्हाणीत आला. इंदूनं रात्री नऊची रेघ मारली आणि मी उजेडात धरून बघितलं तर सगळं मिळून नऊशे मिलीसुद्धा भरत नव्हतं. दिवसभर तांब्या-तांब्यानं पाणी प्यालेल्या बाईचं एवढंसं?

याला आमच्याकडे ‘अपुरा नमुना’ म्हणतात. असा नमुना कुणी आणला की मी काउंटरवर सगळ्यांच्या देखत झापायचे. “एवढं साधं जमत नाही? पुन्हा करा.” आता मलाच पुन्हा करायचं होतं. डॉक्टरांना फोन करून सांगायचं होतं, की सर, झटका आला होता, पण पाहुण्यांपायी मीच कॅन लपवला. लॅबच्या मालकांकडे दुसरा कॅन मागायचा होता. आणखी एक दिवस आत्याबाईंची बडबड ऐकायची होती. रात्रभर मी नुसती कूस बदलत होते.

सकाळी पावणेसहाला उठले. न्हाणीत गेले, कडी लावली. कॅनचं झाकण काढलं आणि माझी स्वतःची लघवी त्यात ओतली.

स्पष्टच लिहिते, आडपडदा ठेवून काय मिळवायचंय आता? हात थरथरला वगैरे नाही. रिपोर्ट तर नॉर्मलच येणार आहे, मग कुणाची का असेना, असं मी स्वतःला समजावलं होतं.

सहाला इंदू आली. ओतायच्या आधी तिनं कॅन खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला, जरा वेळ बघत राहिली. मग शेवटचं ओतलं, पेन घेतलं आणि वर शेवटची रेघ मारून सहा लिहिलं.

“बास ना, अक्का? झालं?”

“झालं,” मी म्हटलं. लॅबमध्ये गेल्यावर मी स्वतः मोजलं, सोळाशे मिली, रजिस्टरला लावलं, त्यातलं थोडं बाटलीत भरून मुंबईला पाठवलं आणि उरलेलं ओतून देऊन कॅन धुऊन टाकला.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. आकडा वरच्या मर्यादेच्या जरा आत. डॉक्टर नांद्रेकरांनी कागद दोनदा वाचला. “नॉर्मल म्हणायला हवं,” ते म्हणाले, पण आवाजात समाधान नव्हतं. त्यांनी छातीच्या धडधडीसाठी एक गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, काय निघालं? मी चप्पल काढता काढता म्हटलं, “काय निघणार? ॲलर्जी.”

सगळे हसले. या वेळी इंदू हसली नाही. विट्याचं स्थळही जमलं नाहीच, तो निरोप त्याच आठवड्यात आला.

वीस दिवसांनी शेडवरून भाऊजींचा लॅबमध्ये फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता. इंदू क्रेट उचलताना कोसळली होती, तोंडाला फेस होता, श्वास घेता येत नव्हता. आम्ही जीप करून मिरज गाठली. केतकी शेजारणीकडे रडत राहिली.

दवाखान्यात इंदूला आत घेतलं, तेव्हा रक्तदाब दोनशे साठ होता आणि फुप्फुसात पाणी. नांद्रेकर धावत आले. दाराच्या काचेतून मला तिचे फक्त पाय दिसत होते, शेडवरची माती लागलेले. पंधरा मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या मागे सिस्टर इंजेक्शन भरून उभ्या होत्या.

“ठोके आवरायचं इंजेक्शन देतोय,” ते भाऊजींना म्हणाले. “गोळीचंच औषध आहे, फक्त जोरात.” मग माझ्याकडे बघून, जसं काही स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, “सगळी लक्षणं त्या गाठीची आहेत. पण रिपोर्ट साफ आहे. गाठ असती आणि मी हे औषध दिलं असतं, तर ते विष ठरलं असतं. नमुना नीट होता ना, बाई? तुम्ही स्वतः होतात.”

सिस्टर दाराकडे वळल्या. भाऊजी माझ्याकडे बघत होते. एवढंच म्हणायचं होतं, की सर, नमुना खोटा होता, मी केला. सहा शब्द. मेल्या जिभेला ते सहा शब्द उचलेनात.

“सर,” मी म्हटलं, “नमुना... पुरता नसेल. घरात पाहुणे होते. इंदू लाजली असेल. एक-दोन वेळा तशीच जाऊन आली असेल. झटक्यानंतरसुद्धा.”

“थांबा, सिस्टर!” डॉक्टर ओरडले. त्यांनी सिरिंज स्वतःच्या हातात घेतली. “हे द्यायचं नाही. गोळीही बंद. दुसरं औषध चालू करा, लगेच.”

त्या दिवशी इंदू वाचली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्याच बोंबेनं वाचली.

तिसऱ्या दिवशी तिला बोलता यायला लागलं. डॉक्टर फेरीला आले तेव्हा भाऊजी, आत्याबाई, मी, सगळे खाटेभोवती होतो. नांद्रेकर मनानं चांगले होते, पण घाबरले होते आणि घाबरलेला माणूस जरा जास्तच बोलतो.

“बाई, किती मोठा घोळ केलात तुम्ही! एवढं बजावलं होतं. लाजून लघवी टाकून दिलीत आणि माझ्या हातून चुकीचं औषध गेलं. मेला असतात! पोरीला आई राहिली नसती. जाऊबाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून.”

“आगं, ही लॅबवाली घरात हाय म्हनून वाचलीस,” आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. “न्हाईतर तुझं काय खरं नव्हतं.”

इंदूच्या नाकात नळी होती. तिनं हळूच मान वळवून माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला वाटलं, आता बोलणार. सगळ्या खोलीसमोर बोलणार आणि मी जमिनीत जाणार. देवा शपथ सांगते, बोलली असती तर बरं झालं असतं.

“चुकलं, डॉक्टर,” इंदू म्हणाली.

डॉक्टरांनी फाईल उघडून इंग्रजीत एक ओळ लिहिली. मी शेजारीच उभी होते, मला वाचता येत होती. ‘रुग्णाने नमुना टाकून दिल्याने चुकीचे औषध गेले; रुग्णावर नमुन्याबाबत भरवसा ठेवता येत नाही, नमुना जावेच्या देखरेखीखाली घ्यावा.’ लिहून त्यांनी खाली दोनदा अधोरेखित केलं.

दुसरा नमुना वॉर्डात सिस्टरच्या नजरेखाली घेतला. रिपोर्ट मर्यादेच्या नऊपट आला. स्कॅनमध्ये उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ दिसली. दोन आठवडे औषधं देऊन रक्तदाब ताब्यात आणला आणि मग ऑपरेशन झालं. साडेपाच तास. गाठ साधी होती, पण अशा गाठी पुन्हा उगवू शकतात, म्हणून दर वर्षी तपासणी करायची, जन्मभर.

घरी आली तेव्हा आत्याबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “आदी विमलच्या पाया पड. तिच्यामुळं दार बघतीयास.” मी पाय मागे घेतले. “नको, टाके ओले आहेत.” पण इंदू वाकली. पूर्ण वाकली, कपाळ माझ्या पायाला लागेपर्यंत. सगळे श्वास रोखून बघत होते. ती उठली, कपाळावर घामाचा टिपूस नव्हता. भाऊजी लहान मुलासारखे रडले. मी न्हाणीत जाऊन नळ सोडून बसले.

तेव्हापासून दर वर्षी मी तिला कॅन आणून देते, समोर उभी राहून भरून घेते आणि मिरजेला घेऊन जाते. लोक म्हणतात, जाऊ असावी तर अशी. दर वर्षी फाईल जाड होते आणि ती ओळ एका पानावरून दुसऱ्या पानावर उतरवली जाते. ॲलर्जी म्हणायचं मात्र त्यानंतर सगळ्यांनी सोडलं. सर्वांत आधी मी सोडलं.

या वर्षी केतकी सोबत आली. अठरा वर्षांची झाली, मिरजेतच नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. नांद्रेकर निवृत्त झाले, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीण बसतात, डॉक्टर बेडगे. त्यांनी फाईल चाळली आणि हसून म्हणाल्या, “मावशी, जुनी तक्रार दिसतेय तुमची. या वेळी लबाडी नाही ना करणार?”

“नाही, डॉक्टर,” इंदू म्हणाली. चौदा वर्षं म्हणते तशीच.

केतकीनं वाकून ती ओळ वाचली. इंग्रजी येतं तिला. तिचा चेहरा लाल झाला.

“आई, हे काय? तू टाकून दिलंस? आणि तुला चुकीचं औषध गेलं?” तिचा आवाज चढला. “मी चार वर्षांची होते गं! आम्हाला वर्गात शिकवतात, एका नमुन्यानं जीव जातो. असली कसली लाज? मोठी आई नसती तर काय झालं असतं?”

मोठी आई म्हणजे मी.

इंदू मांडीवरची पिशवी सरळ करत राहिली. मी तिच्या हातांकडे बघितलं. बेदाणा निवडून निवडून बोटांची टोकं चिरलेली. आणि मला वाटलं, आज ही पोरगी या आईला कायमची बेभरवशाची ठरवून बसणार. मी एकदा हसले होते, तर अख्खं घर हसायला लागलं. आता हे.

“डॉक्टर, ती ओळ खोडा,” मी म्हटलं.

“म्हणजे?”

“इंदूनं काही टाकलं नव्हतं. तिनं कॅन मागितला होता. मी दिला नाही. पाहुणे होते म्हणून मी लपवला होता. आणि दुसऱ्या दिवशी तो मी भरला. माझ्या लघवीनं. मग नांद्रेकर सरांना मी खोटं सांगितलं.”

डॉक्टर बेडग्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पेन घेऊन ती ओळ आडवी खोडली आणि खाली सही केली. एका सहीचं काम होतं. केतकी माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली, तिच्याही नकळत. डॉक्टरांनी पुढच्या नमुन्यासाठी नवा रिकामा कॅन टेबलावर ठेवला.

बाहेर व्हरांड्यात केतकी आमच्या पुढं भराभरा चालत गेली. बाकापाशी आल्यावर इंदूनं कॅन बाकावर ठेवला, पदर सारखा केला.

“मला ठाऊक होतं, अक्का.”

“काय?”

“नऊची रेघ माझी होती. सकाळी बघितलं तर आतलं रेघेच्या बोटभर वर. आधी वाटलं, शिकलेल्या आहात, असंच करत असतील. काही घालायचं असेल त्यात. डॉक्टर ओरडले तेव्हा समजलं.”

“मग बोलली का नाहीस? तेव्हा, त्या खोलीत? मी होते समोर.”

इंदू हसली. पूर्वी माझ्या ॲलर्जीवर हसायची, तसंच हसली.

“बोलले असते तर खरं कुणी मानलं असतं? तुम्ही लॅबवाल्या. आणि मी कोण? वाकायची ॲलर्जी.”

तिचे पाय धरावेत असं वाटलं, पण व्हरांड्यात माणसं होती आणि माणसांदेखत मला कधी काही धड करता आलं नाही. दर वर्षीप्रमाणे मी कॅन उचलायला हात पुढं केला. धक्क्यानं तो खाली पडला आणि घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

इंदू गेली, वाकली, कॅन उचलला. चौदा वर्षांच्या सवयीनं मी तिच्या कपाळाकडे बघितलं. घाम नव्हता.

“आण इकडं,” मी म्हटलं. “मी घेते.”

“नको,” ती म्हणाली आणि कॅन काखेत धरला. “या वेळी माझा मी भरते. तुम्ही येऊ नका.”